काळी पाचवी, कैद आणि पाने : एका पलटणकऱ्याच्या वहीचे वाचन

कोणत्याही समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की सनदा, इनामपत्रे, वंशावळी व देवस्थानांचे शिलालेख ह्यांकडे आपली दृष्टी प्रथम वळते. ती साधने मोलाची आहेत, ह्यात शंका नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरांच्या वाट्यास सनदा आल्या नाहीत. त्यांच्या वाट्यास आली ती शेती, मजुरी आणि पलटणीतील चाकरी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी व रायगड ह्या जिल्ह्यांतून किती माणसे सैन्यात गेली, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी गावोगावच्या चावडीवर १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या पाहाव्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास तर ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच नाव पडून गेले आहे. अशा घरांचा इतिहास दप्तरात सापडत नाही. तो सापडतो पत्र्याच्या ट्रंकेत, पदकांच्या डबीखाली, एखाद्या फाटक्या वहीत.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली व पुढे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे ह्या वसाहती उभ्या राहिल्या. आपली अनेक कुटुंबे गाव सोडून येथे स्थिरावली. गावची घरे वाटली गेली, मोडली, विकली गेली. आणि त्या ट्रंका येथील सदनिकांच्या पोटमाळ्यावर येऊन पडल्या. आमच्या घरीही २०१९ साली अशी एक ट्रंक नेरूळला आली. तीत आमच्या थोरल्या चुलत्यांची, ज्यांस आम्ही सर्व भावंडे आबा म्हणत असू, हस्तलिखित वही होती. ती वाचताना जे शब्द अडले व त्यांचा जो उलगडा झाला, तो सांगणे हा ह्या लेखाचा हेतू होय. वही आमच्या घरची असली, तरी अडचण सर्वांच्या घरची आहे.

वही ९६ पानांची, शाळकरी, रेघांची. अक्षर बाळबोध, परंतु मध्येच चार-दोन ओळी इंग्रजी लिपीत. भाषा पाहावी तर इंग्रजी नव्हे! ‘कल सुबह गिनती’ अशा अर्थाची ती हिंदुस्थानी. ह्याचे कारण असे, की इंग्रजी अमदानीत हिंदी फौजेची शिकवणूक रोमन उर्दूत चालत असे. मराठा शिपाई घरी मराठी बोले, परेडीवर इंग्रजी हुकूम ऐके, आणि लिहावयास शिके ती इंग्रजी अक्षरांतील उर्दू. तीन भाषांच्या ह्या त्रिवेणीतून फौजी बोली निर्माण झाली. ती कोणत्याही शब्दकोशात एके ठिकाणी मिळत नाही.

तिचे काही नमुने वाचकांस ठाऊक असतील. रात्रीचा पहारेकरी ‘हुकुमदार’ म्हणून ओरडतो, तो कोणा हुकूम देणाऱ्यास हाक मारीत नसतो. ‘हू कम्स देअर’ ह्या इंग्रजी प्रश्नाचे ते देशी रूप आहे. ‘फालन’ म्हणजे ‘फॉल इन’, रांगेत उभे राहणे. ‘रंगरूट’ म्हणजे ‘रिक्रूट’, नवा भरती झालेला. ‘गारद’ म्हणजे ‘गार्ड’. ‘दलेल’ म्हणजे ‘ड्रिल’. परंतु तीही शिक्षेची. ‘जंगी लाट’ म्हणजे सरसेनापती. ह्यातील ‘लाट’ समुद्राची नसून ‘लॉर्ड’ ह्या शब्दाची आहे. ‘कोत’ म्हणजे हत्यारांची कोठी, ‘लंगर’ म्हणजे पलटणीचे स्वयंपाकघर, आणि ‘गिनती’ म्हणजे हजेरी. शेवटचे तीन शब्द इंग्रजीतून आलेले नाहीत. पलटणीने त्यांस आपला अर्थ दिला. ‘लंगर’ वाचून नांगर किंवा गुरुद्वार आठवेल, तो वाचक चुकीच्या वाटेस लागला.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. गोऱ्या शिपायांनीही आपले शब्द उचलले. मायदेशास ते लाडाने ‘ब्लाइटी’ म्हणत. ते मूळचे आपले ‘विलायती’. पायास गुंडाळावयाच्या ‘पटीस’ ह्या आपल्या ‘पट्ट्या’, आणि ‘चिट’ म्हणजे आपली ‘चिठ्ठी’. सर्वांत मौजेचा शब्द नाशिक जिल्ह्याने दिला. देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने व कंटाळ्याने काहींची मती फिरे. त्यावरून डोके फिरण्यास त्यांच्या बोलीत ‘डुलाली टॅप’ असे नाव पडले. ‘डुलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे ताप. मूळ माहीत नसलेला इंग्रज आजही हा शब्द वापरतो. त्यात महाराष्ट्रातील एक गाव दडले आहे, ह्याची त्यास जाणीव नसते. शब्द घर सोडून गेला, की त्याचा अर्थ घरी पुसावा लागतो, हा धडा येथे मिळतो.

आता आबांच्या वहीकडे वळू. आबा १९३८ साली बेळगाव येथे भरती झाले, १९४६ साली घरी आले आणि १९७८ साली वारले. ते मितभाषी होते. युद्धाविषयी कोणी विचारले, तर ‘पुष्कळ चाललो’ एवढेच सांगत. त्यांच्या मागे काही सरकारी साह्य मिळते काय, हे पाहण्याकरिता १९८१ साली घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ट्रंक उघडली व वही वाचली. वहीत जे सलग लागले त्यावरून त्यांनी आबांचे चरित्र बनविले. ते पुढीलप्रमाणे.

वहीच्या पहिल्याच पानावर ‘काळी पाचवीत होतो’ असे आहे. मराठीत पाचवी म्हटले, की बाळंतघरातील पूजा आणि ‘पाचवीला पुजलेले’ दुर्दैव आठवते. तेव्हां आबांनी आपल्या कपाळास दोष दिला आहे, असा अर्थ झाला. पुढे ‘कैद ४४४ दिवस’ असे आहे. म्हणजे काही अपराध करून त्यांनी तुरुंग भोगला. त्यापुढे ‘कासात राहिलो’. सातारकरांस कास म्हटले, की कासचे पठार. म्हणजे तुरुंगातून पळून ते कासच्या रानात लपले. आणि मग ती ओळ, जिने घरातील माणसांची मान खाली गेली : ‘बाईने मांजारे केले. पाने दिले.’ म्हणजे रानात उपाशी असता त्यांनी मांजरे व झाडपाला खाल्ला!

ही वार्ता घराबाहेर गेली. आमच्या एका चुलत बहिणीचे त्या वर्षी ठरत आलेले स्थळ परत गेले. ‘घरात कैद भोगलेला आणि अभक्ष्य खाल्लेला माणूस होता,’ एवढे कारण ज्ञातीतीलच एका गृहस्थाने पुरविले. थोरल्या आई, म्हणजे आमच्या चुलती, एवढेच म्हणत, ‘त्यांनी चोरी केली नाही.’ परंतु पुरावा त्यांजपाशी नव्हता. वही ट्रंकेत गेली, ट्रंक माळ्यावर गेली. थोरल्या आई २००४ साली निवर्तल्या.

आम्ही वही हाती घेतली, ती पस्तीस वर्षे मुलांच्या निबंधवह्या तपासण्याची सवय असलेल्या डोळ्यांनी. प्रथम ‘काळी पाचवी’. नेरूळच्या आमच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांस हे दोन शब्द ऐकविताच ते हसले व म्हणाले, ‘मास्तर, हे तर पलटणीचे नाव!’ मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीस ‘काली पांचवीं’ हे टोपणनाव आहे. ही पलटण मूळची मुंबई लष्कराची ५ वी. १९०३ साली फौजेचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हां मुंबईकडील पायदळांच्या आकड्यांत शंभर मिळविले गेले व ती १०५ वी झाली. १९२२ साली ती ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण ठरली. कागदावरचे आकडे बदलले, परंतु शिपायाच्या तोंडची ‘पाचवी’ गेली नाही. आबांनी पहिल्या पानावर दैवास दोष दिलेला नाही. आपल्या पलटणीचे नाव अभिमानाने लिहिले आहे.

पलटण कळली, की तिचा इतिहास उघडतो. १९४२ च्या जून महिन्यात ही पलटण ११ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर उत्तर आफ्रिकेत तोब्रुक येथे होती. २० जून रोजी पहाटे सेनापती रोमेलचा हल्ला झाला, तो नेमका आग्नेयेच्या बाजूस, ह्याच ब्रिगेडच्या मोर्चावर. दुसऱ्या दिवशी, २१ जून रोजी, तोब्रुक पडले. सुमारे ३३ हजार सैनिक शत्रूच्या हाती लागले. ह्या कैद्यांपैकी पुष्कळांस समुद्रापार इटलीत नेण्यात आले. रोमच्या पूर्वेस आब्रुत्सी नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील आवेत्सानो येथे हिंदी शिपायांसाठी युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर झाले. पहारे ढिले पडले आणि जर्मन येऊन ताबा घेण्यापूर्वी हजारो कैदी डोंगरांत पांगले.

आता वहीतील आकडा पाहा. २२ जून १९४२ पासून ८ सप्टेंबर १९४३ पर्यंतचे दिवस बोटांवर मोजले, तर ते बरोबर ४४४ भरतात. कोणत्याही कोर्टाने कोणास ४४४ दिवसांची सजा दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ही कैद गुन्हेगाराची नव्हे. रणांगणावर पलटणीबरोबर पकडल्या गेलेल्या शिपायाची ती कैद होय.

राहिले कास, मांजरे आणि पाने. येथे सुभेदारसाहेबही थांबले. कारण हे शब्द फौजी नव्हेत. येथे व्याकरण उपयोगी पडले. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचे ऱ्हस्वदीर्घ चुकते, परंतु लिंगवचन चुकत नाही. वहीत दुसऱ्या एका ठिकाणी ‘झाडांची पाने पडली होती’ असे शुद्ध वाक्य आहे. परंतु ह्या पानावर मात्र ‘पाने दिले’, ‘पाने ताजे होते’, ‘पाने अर्धे आम्हांस, अर्धे तिच्या पोरांस’ अशी वाक्ये आहेत. एकच लेखक एकाच शब्दास दोन ठिकाणी दोन वचने देतो, तेव्हां ते दोन निराळे शब्द असले पाहिजेत. ‘मांजारे केले’ ह्याचेही तसेच. मांजरे कोणी ‘करीत’ नाही. आणि मांजर शब्दात जकारास काना नाही, तो येथे प्रत्येक वेळी आहे. ‘कासात’ हाही तसाच. गावास आपण ‘कासला’ म्हणू. ‘कासात’ म्हणणार नाही. ‘घरात’ ह्यासारखे ते रूप दिसते.

ह्या वाक्यांमध्ये एक शब्द १९८१ च्या वाचकांनी न लागल्यामुळे सोडून दिला होता : ‘तेदेस्की’. ‘तेदेस्की आले तेव्हां गवतात’ अशी ती ओळ आहे. सीवूड्स येथे आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे आयुष्य व्यापारी जहाजांवर खलाशांच्या भटारखान्यात गेले. जिनोआ व नेपल्स ही बंदरे त्यांनी अनेकदा पाहिलेली. त्यांजपुढे वहीतील ओळी आम्ही मोठ्याने वाचल्या, तेव्हां ‘तेदेस्की’ शब्दाशी त्यांनी हात वर केला. ‘तेदेस्की’ म्हणजे इटालियन भाषेत जर्मन लोक. मग एकेक कुलूप उघडत गेले. ‘कासा’ म्हणजे घर. ‘मांजारे’ म्हणजे जेवणे, जेवण. आणि ‘पाने’ म्हणजे पाव, भाकरी.

ती ओळ आता अशी वाचावयाची : ‘घरात राहिलो. बाईने जेवण केले. भाकरी दिली. भाकरी ताजी होती. अर्धी आम्हांस, अर्धी तिच्या पोरांस. जर्मन आले तेव्हां गवतात.’

ज्या पानाने आमच्या घरास चाळीस वर्षे लाज आणली, ते पान उपकाराचे होते. तो उपकार केवढा, हे समजण्यास थोडा इतिहास हवा. पळालेल्या कैद्यास आसरा देईल त्यास मृत्युदंड, अशी दवंडी जर्मनांनी पिटविली होती. पकडून देणाऱ्यास इनाम होते. तो मुलूख गरीब, डोंगरी, आपल्या जावळी-पाटणसारखा. १९४३-४४ चा हिवाळा. शेतकऱ्यांच्या घरात त्यांच्या स्वतःच्या पोरांस पुरेशी भाकरी नाही. अशा वेळी भाषा कळत नाही, धर्म कळत नाही, अशा सावळ्या परदेशी माणसास कोणा एका बाईने गवतात लपविले आणि भाकरीचे दोन वाटे केले. जून १९४४ मध्ये मित्रसैन्ये रोम घेऊन पुढे सरकली, तोवर आबा ह्या डोंगरांत होते. वहीत त्या बाईचे नाव नाही. तिला सर्वत्र ‘बाई’ म्हटले आहे, आणि एके ठिकाणी ‘आई’.

युद्धानंतर मित्रराष्ट्रांनी अशा साह्यकर्त्यांचा शोध घेण्यासाठी एक कमिशन नेमले व सेनापती अलेक्झांडर ह्यांच्या सहीची प्रशस्तिपत्रे त्यांस दिली. म्हणजे इटलीतील कोणा शेतकऱ्याच्या भिंतीवर आपल्याकडील शिपायांस भाकरी दिल्याबद्दलचा कागद आजही असेल. आणि येथे त्या भाकरीस आपण झाडपाला म्हटले!

हे ऋण उभयपक्षी आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्याच इटलीच्या भूमीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघा वीरांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, म्हणजे आपल्या नवी मुंबईचे शेजारी. पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, जेथे हिंदी शिपायांस अग्नी दिला त्यांच्या स्मरणार्थ, ५०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. आणि २०२३ च्या जुलैत मोंतोने नावाच्या इटालियन गावाने यशवंत घाडगे ह्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ते लोक विसरले नाहीत.

असो. ह्या वाचनातून जे नियम आम्हांस सुचले, ते ज्ञातिबंधूंच्या उपयोगासाठी थोडक्यात देतो.

पहिला नियम असा, की वही उतरून घेताना शुद्धलेखन सुधारू नये. ‘मांजारे’चे ‘मांजरे’ केले, की किल्ली हरवली. काना, मात्रा, अनुस्वार, आकडा, जसा असेल तसा उतरावा.

दुसरा नियम, न लागणारा शब्द सोडू नये. त्याखाली रेघ मारून ठेवावी. बहुधा सर्व पानाचा अर्थ त्या एका शब्दात असतो.

तिसरा नियम, एकच शब्द वहीत जेथे जेथे आला असेल ती सर्व वाक्ये एका कागदावर लिहून पाहावी. माणसाचे अक्षर फसवील, परंतु त्याच्या मातृभाषेचे व्याकरण सहसा फसवीत नाही.

चौथा नियम, प्रथम पलटण शोधावी. काही पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर व नाव कोरलेले असते. ते भिंगाखाली पाहावे. पलटण मिळाली, की ती कोणत्या साली कोठे होती हे छापील इतिहासांत सापडते आणि वहीतील गावांची वेडीवाकडी नावे आपोआप सरळ होतात. बेळगाव येथील मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे व आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी चौकशी करण्यास संकोच करू नये.

पाचवा नियम सर्वांत निकडीचा. शब्द मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ते निरनिराळ्या धंद्यांतील माणसांस ऐकवावे. शिपायाने शब्द कानाने घेतला, म्हणून तो कानानेच सापडतो. सुभेदारांस जो लागला नाही तो जहाजावरच्या भटारखान्यातील माणसास लागला. नवी मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे एकाच जिन्यावर फौजी, खलाशी, माथाडी व मास्तर राहतात, तेथे हे काम जितके सोपे आहे, तितके गावीही नाही. मात्र जाणती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

शेवटी एक विनंती. ज्या कुटुंबांत अशा वह्या, पत्रे वा पेबुके असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून मंडळाच्या कार्यालयात द्याव्या. मूळ कागद घरीच ठेवावे. न लागणाऱ्या शब्दांची यादी सोबत जोडावी. ती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापण्याचे कार्यकारी मंडळाने मान्य केले आहे. आणि एखाद्या पानावर लज्जास्पद असे काही आढळले, तर ते बाहेर बोलण्यापूर्वी तो शब्द कोणत्या देशाचा आहे, एवढे अवश्य विचारावे. थोरल्या आई खरे बोलत होत्या. त्यांस पुरावा हवा होता, तो त्यांच्याच ट्रंकेत होता.